पुढची तारीख

मेडिकलच्या काउंटरवर एक काकू उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पाठीला किंचित बाक आलेला, त्यामुळे समोरच्याशी बोलताना मान वर उचलावी लागत होती. कापडी पिशवीतून त्यांनी फाईल काढली. पहिल्या पानाला स्टेपल केलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईत लिहिलं होतं, पुढचं इंजेक्शन १५ जून. बाहेर कोजागिरी होऊन गेलेली, समोरच्या दुकानात आकाशकंदील टांगायला सुरुवात झालेली. "बाळा, आता पाठ अजिबात दुखत नाही बघ. हे सहा महिन्यांचं इंजेक्शन दिवाळीचं आवरून झाल्यावर घेतलं तर चालेल ना?" पोराने चिठ्ठीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "चालतंय की काकू. सहा महिन्यांचं असतंय ते, थोडं मागंपुढं झालं तर काय होत नाही." काकूंनी कॅल्शियमच्या दोन स्ट्रिपा घेतल्या, सुट्टे मोजून दिले आणि बाजूला उभ्या माणसाने काही बोलायच्या आत पायरी उतरून गर्दीत मिसळूनही गेल्या.

ते 'चालतंय' तेव्हापासून डोक्यात रुतून बसलं आहे.

त्या पोराला दोष देववत नाही. बहुतेक औषधांच्या बाबतीत तो म्हणाला ते खरंच आहे. हाडांच्याच औषधांत आठवड्याच्या गोळीचा एक खाडा झाला, वर्षातून एकदा लावायचं सलाईन दोन महिने लांबलं, तर आभाळ कोसळत नाही. पण काकूंच्या चिठ्ठीवर होतं डेनोसुमॅब. आजार तोच, हाडं भरण्याचा हेतूही तोच, पण हे औषध उशीर माफ करत नाही. हा फरक पोराला कुणी सांगितला नव्हता आणि काकूंना सांगितला असेल, तर तो घाईत, उठता उठता, दाराशी.

हाडांच्या ठिसूळपणाचं दुखणं असं आहे की ते दुखत नाही. संधिवात सकाळी उठल्यापासून हजेरी लावतो, मधुमेह निदान लघवीला तरी उठवतो. हाड मात्र आतल्या आत विरळ होत जातं आणि बाहेर चाहूल लागत नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेली बाई खड्ड्यात उसळते आणि खाली आदळते. कुणी वाकून पाण्याने भरलेली बादली उचलतं. कुणी नुसतं जोरात खोकतं. पाठीच्या मध्याखाली, जिथे छातीचे मणके संपतात आणि कमरेचे सुरू होतात, तिथला एखादा मणका दबतो. घरात म्हणतात, 'चमक भरली', 'गादी सरकली'. शेक, मलम, पंधरा दिवस आराम. दुखणं ओसरतं, मणका दबलेलाच राहतो. आणि दबलेल्या मणक्यांपैकी अर्ध्याहून जास्त मणक्यांचं तर एवढंही नाटक होत नाही. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा हाताला येईनासा होतो, नेसलेली साडी पायात येऊ लागते, पोट पुढे आल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरले तर कण्याचा बाजूने काढलेला एक्स-रे मागून घ्यावा. तो स्वस्त असतो, गावोगावी निघतो आणि हाडांची घनता मोजणारं डेक्सा मशीन जे लपवतं ते दाखवतो.

डेक्सा लपवतं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी ताडून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, आणि जोडीला किरकोळ धक्क्याने झालेलं एक जरी फ्रॅक्चर असेल तर तो तीव्र, ही जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने १९९४ साली मांडलेली व्याख्या. पण दबलेला मणका त्याच वजनाचं हाड कमी जागेत कोंबतो, म्हणून मशीनला तो घट्ट दिसतो. म्हातारपणी मणक्यांना फुटलेले हाडांचे कंगोरे, पोटातल्या महारोहिणीवर साचलेलं कॅल्शियम, हे सगळं आकडा वर ढकलतं. कमरेचा टी-स्कोर उणे १.८ आणि खुब्याचा उणे ३.१ असा रिपोर्ट आला तर कमरेचा आकडा बघून हायसं वाटून घेऊ नये. आणि मनगट किंवा मणका गेल्या वर्षभरात मोडला असेल, एकाहून जास्त मणके दबले असतील किंवा आकडा उणे ३ च्या खाली असेल, तर ही वेगळीच घाईची पायरी. एका फ्रॅक्चरनंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यांत धोक्याची. पुढचं हाड बहुधा याच काळात मोडतं. म्हणून तीव्र आजारात 'आधी सहा महिने कॅल्शियम घेऊन बघू' असं म्हणण्याइतका वेळ हाताशी नसतो.

तरी औषधाच्या आधी एक मुक्काम टाळू नये, आणि आपल्याकडे तर मुळीच टाळू नये. ड जीवनसत्त्वाची खोल कमतरता असली की हाडाचा सांगाडा तयार होतो, पण त्यात चुना भरला जात नाही. हाडं मऊ राहतात. डेक्सावर हे अगदी ऑस्टिओपोरोसिससारखंच दिसतं, आकडाही उणे ३.५ वगैरे. ओळखायची खूण म्हणजे रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज वर चढलेलं, फॉस्फरस खाली, मांड्यांत आणि कमरेत दुखणं, बसल्या जागेवरून उठताना हात टेकावे लागणं. अशा बाईला हाडांचं जोरदार इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धाडकन घसरतं. ओठांभोवती मुंग्या, बोटांना वांब, वेळप्रसंगी दवाखान्यात भरती. तिला आधी ड आणि कॅल्शियम भरून द्यायचं असतं, आणि त्याने तिचा आकडा इतका सुधारू शकतो की पुढच्या औषधाचा विचारच बदलतो. म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, ड, पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथीचा स्राव, आणि थायरॉइड या तपासण्या आधी. मणके दबलेले असतील तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिसही, कारण मल्टिपल मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग कधी कधी पाठदुखीचाच वेष घेऊन येतो. आणि घरात कुणी दम्यासाठी, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगायचं.

ड जीवनसत्त्वाचं साठ हजार युनिटचं पाकीट किंवा गोळी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक, असा ढोबळ रिवाज. गडबड होते ती इथे. चिठ्ठीवरचे आठ आठवडे संपतात, मेडिकलवाला ओळखीचा असतो, आणि ती गोळी आठवड्याची आठवड्याला वर्षभर चालू राहते. जास्त झालेलं ड रक्तातलं कॅल्शियम वाढवतं, मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण. उलट चूक कॅल्शियमच्या बाबतीत. स्ट्रिपवर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं असतं, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. दिवसाची गरज हजार ते बाराशे, आणि त्यात दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ सगळं धरायचं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम असतं, म्हणजे आपल्या आज्यांचं अंबील अगदीच भाबडं नव्हतं. कार्बोनेट जेवणासोबत. पित्ताची गोळी रोज चालू असेल तर कार्बोनेट नीट विरघळत नाही, तिथे सायट्रेट बरं.

पण कॅल्शियम आणि ड हे सामान झालं. तीव्र आजारात नुसत्या सामानाने भिंत उभी राहत नाही.

मातीची जमीन घरात होती तेव्हाचं ज्यांना आठवतं त्यांना हाड समजावणं सोपं जातं. जमीन पोपडे धरू लागली की ती आधी उकरायची, मग नवी माती घालून चोपायची, मग सारवायची. हाडातही जन्मभर हेच चालतं. काही पेशी जुनं हाड उकरतात, काही पेशी त्या खड्ड्यात नवं भरतात. पाळी गेल्यावर उकरणं जोरात होतं आणि भरणं मागे पडतं. औषधांचे म्हणूनच दोन गोत. एक उकरणाऱ्यांचे हात धरतं, दुसरं भरणाऱ्यांना कामाला लावतं. आणि तीव्र आजारात खरा प्रश्न 'कुठलं औषध चांगलं' एवढाच नसतो. कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि हातातलं थांबवताना त्याच्या जागी काय, हा असतो. घरोघरी या निर्णयात पहिल्या प्रश्नावर सगळे बोलतात, दुसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

उकरणाऱ्यांना आवरणारं सगळ्यांत जुनं, स्वस्त आणि विश्वासाचं घराणं बिस्फॉस्फोनेटचं. त्याचा उगम मला नेहमी लोभस वाटतो. जड पाण्याने पाइपात आणि बंबात धरणारा पांढरा क्षार रोखायला फॉस्फेटची संयुगं वापरत. शरीरात अशाच जातीचं पायरोफॉस्फेट असतं आणि ते कॅल्शियमचे खडे धरू देत नाही, हे हर्बर्ट फ्लाइश या स्विस संशोधकाच्या लक्षात आलं. ते पोटात टिकत नाही म्हणून टिकणारी जोड शोधताना १९६० च्या दशकात ही औषधं हाती आली. त्यांतलीच अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदा. महिन्याचा खर्च काहीशे रुपये. पण घेण्याची रीत इतकी हट्टी की अर्ध्या घरांत ती मोडलेली असते. सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहाचा घोट नाही, दूध नाही, थायरॉइडची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत नाही. नंतर किमान अर्धा तास ताठ बसायचं किंवा फिरायचं, आडवं व्हायचं नाही, वाकून केर काढायचा नाही. गोळीतलं औषध शंभरातला एक भागसुद्धा शरीरात शिरत नाही आणि पोटात चहा असेल तर तेवढंही नाही. आणि गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, एका दिवशी दोन कधीच नाही.

आता काकूंसारख्या बाईला ही गोळी द्यायची म्हटलं तर काय होतं ते बघा. पाठीला बाक आल्याने पोट दबलेलं, आंबट पाणी घशाशी येणारं, अर्धा तास ताठ बसणं म्हणजे शिक्षा. ज्यांची हाडं सगळ्यांत वाईट, त्यांनाच ही गोळी सगळ्यांत अवघड. आणि गोळीने गुण आला नाही असं म्हणायच्या आधी रिकाम्या स्ट्रिपा मोजाव्यात. बहुतेक वेळा औषध हरलेलं नसतं, ते पोटात गेलेलंच नसतं.

तिथे याच घराण्यातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन उपयोगी पडतं. ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, किमान पंधरा मिनिटं, आणि वयस्कर माणसाला अर्धा तास दिलं तर उत्तमच. २००७ साली आलेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पाणी भरपूर. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, ३५ च्या खाली असेल तर हे औषध द्यायचं नाही, आणि हे गणित नुसत्या क्रिएटिनिनवरून होत नाही, त्यात वय आणि वजन घालावं लागतं. पंचेचाळीस किलोच्या ऐंशी वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन १.१ असलं की रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं, हिशोब केला तर क्लिअरन्स तीसच्याही खाली येतो. दुसरी गफलत कुपीची. कर्करोगासाठी हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या कुपीत, काही आठवड्यांच्या अंतराने देतात. मेडिकलमधून कुपी आणताना आकडा वाचायचाच. पहिल्या वेळी तीनातल्या एकीला त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ताप, अंग मोडून येणं, हाडं ठणकणं होतं. दोन-तीन दिवस पॅरासिटामॉल घेऊन जातं. हे आधी सांगितलं नाही की घरचे म्हणतात, 'औषध सोसलं नाही', आणि पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. सांगितलं असेल तर तोच ताप अपेक्षित पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

बिस्फॉस्फोनेट हाडाला चिकटून बसतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू सुटतं. म्हणूनच ते विसराळू माणसाला सांभाळून घेतं, आणि म्हणूनच काही वर्षांनी त्याला सुट्टी देता येते. गोळी पाच वर्षं, सलाईन तीन वर्षं, असा सर्वसाधारण मुक्काम. तीव्र आजारात तो दहा आणि सहा वर्षांपर्यंत लांबवतात.

डेनोसुमॅब वेगळ्या वाटेने जातं. उकरणाऱ्या पेशी तयार व्हायला एका निरोपाची गरज असते, हे इंजेक्शन तो निरोपच वाटेत अडवतं. ६० मिलिग्रॅम, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, दर सहा महिन्यांनी. मूत्रपिंडातून ते जात नाही, म्हणून किडनी थकलेल्यांनाही देता येतं. मात्र डायलिसिसपर्यंत पोचलेल्यांत कॅल्शियम जिवावर बेतेल इतकं घसरू शकतं, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या जानेवारीत सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. मणक्यांची फ्रॅक्चर तीन वर्षांत ६८ टक्क्यांनी कमी, खुब्याची ४० टक्क्यांनी. घनता दहा वर्षांपर्यंत वाढत राहते. ऐकायला सगळं गोड. पण ते हाडाला चिकटत नाही. निरोप अडवून ठेवलेला असतो तोवर उकरणाऱ्यांची पुढची फळी कामाविना बाहेर ताटकळत राहते, आणि सातवा महिना लागला की बांध फुटतो. पहिल्यापेक्षा जास्त वेगाने उकरणं सुरू होतं. दोन वर्षांत कमावलेलं वर्षा-दोन वर्षांत जातं. औषध थांबवलेल्या ज्या स्त्रियांचे मणके मोडले, त्यांतल्या साठ टक्के जणींचे एकाहून जास्त मोडले होते. ब्रिटनमधल्या नोंदींत सोळा आठवड्यांहून अधिक उशीर झालेल्यांना मणका मोडण्याचा धोका वेळेवर घेणाऱ्यांच्या जवळपास चौपट निघाला. १५ जून ते कोजागिरी, हे अंतर मोजून पाहिलं की त्या 'चालतंय'चं वजन कळतं.

म्हणून हे इंजेक्शन सुरू करतानाच ते कसं थांबवायचं ते ठरलेलं असावं. बाहेर पडायचं तर शेवटच्या डोसनंतर बरोबर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिकचं सलाईन, मग काही महिन्यांनी हाड उकरण्याचा वेग दाखवणारी सीटीएक्स ही रक्ततपासणी, सकाळी उपाशी पोटी, आणि आकडा चढलेला असला तर आणखी एक सलाईन. जितकी जास्त वर्षं इंजेक्शन झालं असेल तितकं बाहेर पडणं अवघड. गावी एकट्या राहणाऱ्या, ने-आण करायला कुणी नसलेल्या माणसाला हे औषध देताना मला वाटतं दहा वेळा विचार व्हावा. औषध उत्तम आहे, पण त्याला कुणीतरी तारीख सांभाळणारं लागतं.

भरणाऱ्या गोताची गोष्ट निराळी. टेरिपॅराटाइड म्हणजे आपल्याच पॅराथायरॉइड ग्रंथीच्या स्रावाचा तुकडा. गंमत अशी की हाच स्राव अहोरात्र वाढलेला राहिला तर हाडं पोखरतो, आणि दिवसातून एकदा थोडका, झटका मारून गेला तर हाड बांधतो. झाडाला रोज तांब्याभर पाणी घालणं वेगळं आणि मुळाशी डबकं साचणं वेगळं. २० मायक्रोग्रॅम, रोज, दीड ते दोन वर्षं. इन्सुलिनच्या पेनासारखं पेन, अठ्ठावीस दिवस पुरणारं. सुया बहुधा वेगळ्या घ्याव्या लागतात आणि रोज नवी सुई लावायची. सुई तशीच अडकवून ठेवली तर औषध झिरपतं, आत हवेचे बुडबुडे धरतात आणि डोस कमी जातो. पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबून पाचपर्यंत मोजायचं, मग बाहेर. पहिले काही दिवस बसून किंवा पलंगावर घ्यायचं, कारण काहींना लगेच उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. पायांत वांब, थोडी मळमळ होऊ शकते. पेन फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्याला टेकवलं आणि गोठलं की संपलं, वितळवून वापरायचं नाही. अठ्ठावीस दिवस झाले की उरलेलं असलं तरी टाकायचं. पेनावर सुरुवातीची तारीख लिहून चिकटवली नाही तर हे हमखास चुकतं, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून चौतीस-पस्तीस दिवस ओढलेली पेनं घरोघरी निघतात. लोडशेडिंगच्या गावात रुंद तोंडाचा थर्मास उपयोगी पडतो, पण बर्फाची पिशवी आणि पेन यांच्यामध्ये जाडसर फडकं हवं.

दुखऱ्या, नुकत्याच मोडलेल्या मणक्यांच्या बाईला हेच आधी द्यावं, याला आधार आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र आजाराच्या स्त्रियांमध्ये दोन वर्षांत नवे मणके मोडले ते टेरिपॅराटाइडवर ५.४ टक्के जणींचे आणि रिसेड्रोनेट या बिस्फॉस्फोनेट गोळीवर १२ टक्के जणींचे. पण महिन्याला काही हजार रुपये, रोजची सुई, आणि ज्यांनी हाडांवर किरणोपचार घेतले आहेत, ज्यांच्या हाडात कर्करोग पसरला आहे किंवा ज्यांचं कॅल्शियम आधीच वर आहे, त्यांना चालत नाही. उंदरांत हाडाचा कर्करोग दिसला म्हणून पूर्वी कडक इशारा होता. माणसांत वर्षानुवर्षं तसं आढळलं नाही, तेव्हा २०२० मध्ये तो काढला. आणि कोर्स संपला की लगेच बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब. भरलेली माती चोपली नाही तर पहिल्या पावसात वाहून जाते. 'कोर्स झाला, आता सुटलो' म्हणून दोन वर्षांचे पैसे आणि सातशे सुया पाण्यात गेलेली घरं कमी नाहीत.

क्रम उलटा झाला तर? डेनोसुमॅब थांबवून टेरिपॅराटाइड सुरू केलं तर खुब्याची आणि मनगटाची घनता उलट घसरते, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वच्छ दिसलं. दोन्ही औषधं चांगली, पण या क्रमाने दिली की खड्ड्यात घालणारी. पैशाअभावी आधी साधं, मग 'नाहीच जमलं तर भारी' हा आपला घरगुती हिशोब इतर बऱ्याच आजारांत शहाणपणाचा ठरतो, इथे तो उलटतो.

रोमोसोझुमॅब दोन्ही कामं एकदम करतं, भरणं वाढवतं आणि उकरणं कमी करतं. दक्षिण आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत हाडं विलक्षण घट्ट आणि जड असतात, त्यांच्या शरीरात स्क्लेरोस्टिन हे प्रथिन बनत नाही. त्या धाग्यावरून हे औषध निघालं. २१० मिलिग्रॅम, दर महिन्याला दोन टोचण्या मिळून, बारा महिने, आणि मग न चुकता दुसरं औषध. अ‍ॅलेंड्रोनेटशी तुलनेत दोन वर्षांत मणक्यांची नवी फ्रॅक्चर ४८ टक्क्यांनी कमी. पण त्याच चाचणीत पहिल्या वर्षी हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास २.५ विरुद्ध १.९ टक्के दिसले. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना हे देत नाहीत. अँजिओप्लास्टी झालेल्या आजींना हे सुचवलं गेलं, तर घरच्यांनी ती गोष्ट स्वतःहून काढावी.

निर्णयाच्या खोलीत शेवटी जे बसतं ते भय. मुलगी फोनवर वाचून सांगते, जबड्याचं हाड सडतं. मांडीचं हाड आपोआप मोडतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही दुर्मीळ आहे. जबड्याचा त्रास मुख्यतः कर्करोगाच्या मोठ्या मात्रेत होतो. हाडांच्या मात्रेत वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. उपाय साधा, हलणारा दात, किडलेली दाढ औषधाच्या आधी निस्तरायची. औषध चालू असताना दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्याला आधी सांगायचं, पण डेनोसुमॅबची तारीख दाढेपायी लांबवायची नाही. मांडीच्या विचित्र फ्रॅक्चरचा धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि आशियाई स्त्रियांत जरा जास्त दिसतो. ते येण्याआधी बऱ्याचदा आठवडे किंवा महिने मांडीत, जांघेत बोथट दुखत राहतं. असं दुखलं की दोन्ही मांड्यांचा एक्स-रे. हे भय तराजूच्या एका पारड्यात ठेवताना दुसऱ्यात मोडलेला खुबा ठेवावा. खुबा मोडलेल्यांत पाचातली साधारण एक व्यक्ती वर्षभरात जाते, आणि उरलेल्यांपैकी कित्येक पुन्हा एकट्याने दारापर्यंत जात नाहीत.

काकूंचं दुखणं थांबलं होतं, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. त्यांना ते औषधाचं यश वाटलं, आणि यश आलं की थांबायचं हा साधा न्याय. त्या पायरीवर थांबल्या असत्या तर सांगण्यासारखं फार नव्हतं. दिवाळीचं आवरायच्या आधी, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दुखत नसलं तरी कण्याचा बाजूने एक्स-रे काढून घ्या, मधल्या चार महिन्यांत काही दबलं नाही ना ते बघायला. कॅल्शियम, ड आणि क्रिएटिनिन बघून ठीक असेल तर इंजेक्शन लगेच. माळ्यावरचे डबे आणि जळमटं यंदा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. पुढचे सहा महिने जुन्या १५ जूनवरून मोजायचे नाहीत, टोचलं त्या दिवसापासून मोजायचे.

त्यांची मागची तारीख कशी हुकली असेल, तेही आता दिसतं. आधीचं इंजेक्शन डिसेंबरात झालं. पुढची तारीख जूनची, आणि जूनचं पान ज्या दिनदर्शिकेत आहे ती तेव्हा भिंतीवर लागलेलीच नव्हती. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याचा दिवस, भिशीची तारीख, सगळं त्या चौकोनांत लिहिलं जातं. जूनचा चौकोन कोरा राहिला, चिठ्ठी फाईलमध्ये आणि फाईल कपाटात गेली. आता ऑक्टोबरात टोचलं तर पुढची तारीख एप्रिलची, पुन्हा नव्याच दिनदर्शिकेतली. ती अजून विकत यायची आहे.